ट्रॅक्टरचे पाणी जाते कुठे? जुन्या इंजिनातील पाण्याच्या घटीचे निदान



जुना ट्रॅक्टर असलेल्या घरी सकाळची एक सवय ठरून गेलेली असते. बॉनेट उघडायचे, रेडिएटरचे झाकण काढायचे, तांब्या-दोन तांबे पाणी ओतायचे आणि ट्रॅक्टर कामाला लावायचा. खाली थेंब पडलेला दिसत नाही, इंजिनही चालू होते. त्यामुळे 'जुना झाला, आता पाणी पिणारच' असे म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते.

परंतु इंजिन पाणी पीत नाही. इंजिनात पाणी फिरते ते उष्णता वाहून नेण्यासाठी. ते खर्च होण्याची वस्तू नाही. ते कमी होत असेल तर कोणत्या ना कोणत्या वाटेने जात आहे, हे निश्चित समजावे. ही वाट रेडिएटरच्या सैल क्लिपमधून असेल तर दुरुस्ती दहा मिनिटांची असते. तीच वाट इंजिन तेलात किंवा सिलिंडरमध्ये असेल तर ऐन पेरणीत क्रँक शाफ्टची बेअरिंग जाण्याची किंवा कनेक्टिंग रॉड वाकण्याची वेळ येते. दोन्ही ठिकाणी सकाळी ओतावे लागणारे पाणी मात्र सारखेच असू शकते. म्हणून रोज पाणी ओतण्याआधी ते कुठे जाते, हे शोधणे महत्त्वाचे आहे.

या लेखात 'पाणी' हा शब्द साधे पाणी आणि कूलंट मिसळलेले पाणी अशा दोन्हींसाठी वापरला आहे. काही ट्रॅक्टरची इंजिने हवेने थंड होतात. त्यांना ही माहिती लागू नाही.

खरोखर घट आहे का?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी तापले की फुगते. २५ अंश सेल्सिअसवरून ९० अंशांपर्यंत तापताना त्याचे आकारमान ३ टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. इंजिन व रेडिएटर मिळून १२ लिटर पाणी असेल तर ही वाढ सुमारे ४०० मिलिलिटर होते. सकाळी गळ्यापर्यंत काठोकाठ पाणी भरले तर हे वाढलेले पाणी बारीक ओव्हरफ्लो नळीतून जमिनीवर पडणारच. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते, आपण पुन्हा काठोकाठ भरतो आणि तेवढेच पाणी पुन्हा बाहेर जाते. ज्या जुन्या ट्रॅक्टरला पाणी परत घेणारी बाटली नसते, त्यांच्या बाबतीत अनेकदा एवढाच प्रकार असतो.

त्यासाठी वरच्या टाकीत फुगवट्यापुरती जागा मोकळी ठेवावी. रेडिएटरच्या उभ्या नळ्या पाण्याखाली पूर्ण बुडालेल्या असाव्यात, मात्र पाणी झाकणाला टेकू नये. माहिती पुस्तिकेत पातळी दिली असल्यास तीच ठेवावी. या पातळीवर पाणी दोन-तीन दिवस स्थिर राहिले तर कोणताही दोष नाही असे समजावे.

एक आठवड्याची नोंद

पातळी स्थिर राहत नसेल तर लगेच पाना हातात घेऊ नये. आधी वही घ्यावी. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, ट्रॅक्टर त्याच सपाट जागी उभा असताना स्वच्छ लाकडी काडीने पातळी पाहावी. घातलेले पाणी लिटरच्या मापाने मोजावे. संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर पुन्हा पातळी पाहावी. वहीत पुढील बाबी लिहाव्यात.

१. तारीख आणि घातलेले पाणी.
२. ट्रॅक्टर किती तास चालला.
३. काम कोणते केले : ट्रॉली, नांगरणी, रोटाव्हेटर की मळणी.
४. रात्री उभा असताना पातळी उतरली का.
५. इंजिन तेलाची पातळी.

एका आठवड्याची ही नोंद पुष्कळ काही सांगते. पाणी हलक्या कामातही तासांच्या प्रमाणात कमी होत असेल तर बाहेरच्या गळतीचा संशय घ्यावा. केवळ नांगरणी, रोटाव्हेटर यांसारख्या जड कामाच्या दिवशीच कमी होत असेल तर रेडिएटरचे झाकण, चोंदलेला रेडिएटर किंवा हेड गॅस्केट यांकडे लक्ष द्यावे. ट्रॅक्टर रात्रभर नुसता उभा असताना पातळी उतरत असेल तर थंडपणी सुटणारा पाइपचा सांधा किंवा ऑइल चेंबरमध्ये उतरणारे पाणी, अशा दोन शक्यता राहतात. मेकॅनिकला बोलावल्यावर 'पाणी लागते' एवढेच सांगण्यापेक्षा ही वही दाखवावी. त्याचा वेळ आणि आपला पैसा दोन्ही वाचतात.

पाणी जाण्याच्या चार वाटा आहेत : बाहेर, झाकणातून, तेलात आणि सिलिंडरमध्ये. तपासणी याच क्रमाने करावी. कारण पहिल्या दोन वाटांची तपासणी जवळजवळ फुकट होते, तर शेवटच्या दोहोंसाठी इंजिन उघडावे लागते. झाकण न तपासता हेड उतरवणे म्हणजे उगाच खर्चात पडणे होय.

पहिली वाट : बाहेरची गळती

'खाली थेंब नाही, म्हणजे गळती नाही' हे खरे नाही. तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच वाफ होऊन जातो. पंख्याजवळचा थेंब वाऱ्याने उडून बॉनेटच्या आतल्या बाजूला जातो. म्हणून थेंबाऐवजी त्याची खूण शोधावी. विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी वाळले की पांढरा ओघळ राहतो. रंगीत कूलंट असेल तर हिरवट किंवा तांबूस डाग राहतो.

प्रथम इंजिन व रेडिएटर धुऊन कोरडे करावे. जुने डाग गेल्याशिवाय नवे ओळखता येत नाहीत. नंतर दोन वेळा पाहणी करावी. एकदा सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी. रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा किंवा जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवावीत, म्हणजे रात्रीचा थेंब नेमका कुठे पडला ते कळते. रबरी पाइप आणि क्लिप थंडीत आकसतात, त्यामुळे काही सांधे थंड असतानाच गळतात आणि इंजिन तापले की आपोआप बंद होतात. दुसरी पाहणी काम संपवून इंजिन बंद केल्यावर लगेच करावी. त्या वेळी पंखा थांबलेला असतो, आतली उष्णता पाण्यात येत राहते आणि दाब टिकून असतो. ही पाहणी झाकणाला हात न लावता, केवळ डोळ्यांनी व बॅटरीच्या प्रकाशात करावी.

पाहण्याच्या जागा पुढीलप्रमाणे आहेत.

अ) वरचा व खालचा होज पाइप, त्यांची टोके आणि क्लिपा. पाइप दाबून पाहावा. भेगा पडलेला, कडक झालेला किंवा फुगलेला पाइप बदलावा.
आ) रेडिएटरच्या वरच्या व खालच्या टाकीचे सांधे आणि पाणी सोडण्याची तोटी.
इ) थर्मोस्टॅटच्या घराचे पॅकिंग.
ई) इंजिन ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या. या आतून गंजतात आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाणी सोडतात.
उ) हेड आणि ब्लॉक यांच्यामधील सांधा.
ऊ) वॉटर पंप. पंपाच्या खालच्या अंगाला एक लहान छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील खराब झाले की पाणी बेअरिंगकडे न जाता या छिद्रातून बाहेर यावे, हा त्याचा हेतू असतो. येथे ओलावा किंवा ओघळ दिसल्यास पंपाचे सील गेले असे समजावे. हे छिद्र खिळा किंवा लांबी लावून कधीही बुजवू नये. इंजिन बंद असताना पंख्याचे पाते धरून मागेपुढे हलवावे. जास्त खेळ जाणवल्यास पंपाचे बेअरिंगही झिजलेले असते.

गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडावर बसवण्याचा हातपंप आणि दाबमापक असतो. इंजिन थंड असताना त्याने झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यावा आणि दहा ते पंधरा मिनिटे पाहावे. काटा स्थिर राहिला तर बाहेरची व आतली गळती असण्याची शक्यता कमी होते. काटा उतरला आणि बाहेर कुठेही ओल दिसली नाही तर पाणी आत जात आहे. झाकणावरील आकड्यापेक्षा जास्त दाब देऊ नये, जुन्या रेडिएटरचे सांधे उघडतात.

दुसरी वाट : रेडिएटरचे झाकण

बहुतेक ट्रॅक्टरच्या रेडिएटरचे झाकण हे साधे बूच नसून त्यात दोन झडपा असतात. एक झडप ठरावीक दाबापर्यंत पाणी आत धरून ठेवते. दुसरी झडप इंजिन थंड होताना आत हवा किंवा बाटलीतील पाणी येऊ देते.

दाबाचे महत्त्व लक्षात घ्यावे. दख्खनच्या पठारावर ५०० ते ६०० मीटर उंचीच्या भागात उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. झाकणाने दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब धरला तर तेच पाणी ११० अंशांच्या आसपास उकळते. म्हणजे जड कामाच्या वेळी उपयोगी पडणारे सुमारे १२ अंश केवळ त्या झाकणामुळे मिळतात. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की पाणी लवकर उकळते आणि ओव्हरफ्लो नळीतून निघून जाते. पातळी खाली गेली की उरलेले पाणी आणखी तापते.

इंजिन थंड असताना झाकणाचे रबर, स्प्रिंग आणि रेडिएटरच्या तोंडाची आतली कड तपासावी. इंजिन थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर हवा आत घेणारी झडप अडकली आहे. नवे झाकण घेताना जुन्यावर जेवढा दाब लिहिला आहे तेवढ्याच दाबाचे घ्यावे. 'जास्त दाबाचे चांगले' असे नाही.

झाकण चांगले असूनही पाणी बाहेर फेकले जात असेल तर इंजिन का तापते ते पाहावे. मळणी यंत्रावर ट्रॅक्टर एका जागी तासन् तास चालतो. भुसकट रेडिएटरच्या जाळीत अडकते आणि हवा बंद होते. जाळी पंख्याच्या बाजूकडून पुढच्या दिशेने, हलक्या दाबाची हवा किंवा पाणी मारून साफ करावी. पंख्याच्या पट्ट्याचा ताण पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. थर्मोस्टॅट काढून टाकू नये. त्याच्याविना इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते, डिझेल जास्त लागते आणि सिलिंडरची झीज वाढते.

तिसरी वाट : इंजिन तेलात

ही सर्वांत धोक्याची वाट आहे, कारण पाणी मिसळलेले तेल बेअरिंगला वंगण देऊ शकत नाही. अनेक ट्रॅक्टर इंजिनांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरते. लायनरच्या खालच्या टोकाला रबरी रिंगा असतात. या रिंगा जुन्या झाल्या की पाणी थेट ऑइल चेंबरमध्ये उतरते. लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडून छिद्र होणे, हेडला तडा जाणे, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर फुटणे हीदेखील कारणे असतात.

पुढील खुणा पाहाव्यात.

१. डिपस्टिकवर तेलाची पातळी न घालता वाढलेली दिसते.
२. तेल दुधाळ किंवा ताकाच्या रंगाचे दिसते.
३. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी सुरू न करता चेंबरचा खालचा बोल्ट हळूच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसलेले असते. आधी पाणी आले आणि मग तेल आले तर निदान पक्के झाले.
४. संशयाचे तेल पत्र्याच्या तापलेल्या तुकड्यावर दोन थेंब टाकावे. तडतड आवाज झाला तर तेलात पाणी आहे. ही परीक्षा ट्रॅक्टर व डिझेलपासून दूर करावी आणि तोंड लांब ठेवावे.

हिवाळ्यात थोडा वेळच चालणाऱ्या इंजिनात तेल भरण्याच्या झाकणाखाली थोडासा पांढरट थर येतो. डिपस्टिकवरील तेल स्वच्छ असेल आणि पाणी कमी होत नसेल तर तो हवेतील दमटपणाचा परिणाम समजावा.

तेलात पाणी सापडल्यावर ट्रॅक्टर चालवू नये. 'एवढी पेरणी होऊ दे' म्हणून ढकललेले काम पुढे क्रँक शाफ्टपर्यंत जाते. अशा वेळी मेकॅनिककडून चेंबर उतरवून वर सांगितलेल्या हातपंपाने पाण्याला दाब द्यावा. कोणत्या लायनरखालून थेंब येतो ते डोळ्यांनी दिसते.

चौथी वाट : सिलिंडरमध्ये

हेड गॅस्केट जळाले किंवा हेडला तडा गेला तर दोन गोष्टी घडतात. इंजिन चालू असताना सिलिंडरमधील प्रचंड दाबाचा वायू पाण्यात घुसतो आणि पाणी बाहेर ढकलतो. इंजिन बंद झाल्यावर पाणी उलट सिलिंडरमध्ये झिरपते. खुणा अशा : इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते, सकाळी सुरू होताना एखादा सिलिंडर चुकतो, आणि थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, पाणी कोमट होण्यापूर्वी, वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. न जळलेल्या डिझेलचाही धूर पांढरा असतो, पण तो डोळ्यांना झोंबतो व उग्र वास देतो. वाफ हवेत लवकर विरते.

बुडबुड्यांची परीक्षा पुढीलप्रमाणे करावी. इंजिन पूर्ण थंड असावे. रेडिएटर काठोकाठ भरावा. पंप फिरू नये म्हणून पंख्याचा पट्टा सैल करावा. झाकण न लावता इंजिन सुरू करून वेग थोडा कमी-जास्त करावा आणि पाण्याकडे बाजूने पाहावे. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येऊन थांबले तर काळजी नाही. बुडबुडे सतत येत राहिले किंवा वेग वाढवताच पाणी उसळले तर सिलिंडरमधील वायू पाण्यात येत आहे. ही परीक्षा दोन मिनिटांपेक्षा जास्त करू नये, कारण पाणी फिरत नसते. नंतर पट्टा पुन्हा ताणून बसवावा. शंका राहिल्यास मेकॅनिककडून थर्मोस्टॅट काढून तीच परीक्षा पुन्हा करून घ्यावी.

सकाळी स्टार्टर दिल्यावर इंजिन एकदम 'धप' होऊन अडकले तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये आणि ट्रॅक्टर ओढूनही सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी मेकॅनिकला बोलावून सर्व नोजल काढावेत आणि मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर काढावे.

हेड उतरवावे लागल्यास केवळ नवे गॅस्केट टाकून काम संपवू नये. हेडची सपाटी सरळ पट्टी व फीलर गेज लावून पाहावी, तड्याची तपासणी करावी, लायनर ब्लॉकच्या वर पुस्तिकेत दिल्याइतका उचललेला आहे का ते मोजावे. बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील क्रमाने व टप्प्याटप्प्याने आवळावेत. या बाबी सोडल्या तर नवे गॅस्केटही थोड्याच दिवसांत जळते.

थोडक्यात निदान

काठोकाठ भरल्यावरच कमी होते, नंतर स्थिर राहते : दोष नाही, पातळी थोडी खाली ठेवावी.
रात्रीत पुठ्ठ्यावर थेंब : पाइप, क्लिप, तोटी किंवा पंप.
जड कामातच ओव्हरफ्लोमधून जाते, बुडबुडे नाहीत : झाकण, चोंदलेला रेडिएटर, पट्टा, थर्मोस्टॅट.
तेल वाढते, दुधाळ होते : लायनरच्या रिंगा, हेड, गॅस्केट किंवा ऑइल कूलर. ट्रॅक्टर थांबवावा.
सतत बुडबुडे, पांढरी वाफ, कडक पाइप : हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.

जीप व पिकअप गाडीलाही हाच क्रम लागू पडतो. पाण्याच्या बाटलीवरील खुणेशी थंड असताना पातळी पाहावी. गाडीत हीटर असेल तर पायाखालची चटई ओली आहे का तेही पाहावे.

घ्यावयाची काळजी

तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर येते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, दाब जाऊ द्यावा आणि मग काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. तापमान दाखवणाऱ्या काट्यावर पूर्ण विसंबू नये. पाणी फार खाली गेले तर त्याचे सेन्सर पाण्याबाहेर राहते आणि काटा खोटे तापमान दाखवू शकतो.

गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद किंवा पीठ टाकण्याची पद्धत आहे. रानात अडकल्यावर घरी येण्यापुरता असा उपाय कोणी करतात, पण तो गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदवतो. हा उपाय केलाच तर घरी आल्यावर रेडिएटर धुऊन गळती दुरुस्त करून घ्यावी.

रोज ओतलेले क्षारयुक्त पाणीही इंजिनाला भोवते. समजा, पाण्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार आहेत. हंगामात असे १०० लिटर पाणी वाफ होऊन गेले तर सुमारे ५० ग्रॅम क्षार आत राहतात. त्यांचा काही भाग थर होऊन लायनरवर व रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून गळती दुरुस्त झाल्यावर यंत्रणा धुऊन घ्यावी आणि पुस्तिकेत सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, क्षारविरहित पाण्यात मिसळून भरावे. कूलंट थंड प्रदेशासाठीच असते हा समज चुकीचा आहे. ते गंज रोखते आणि लायनरला खड्डे पडू देत नाही. बहुतेक कूलंटमधील ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये किंवा गोठ्याजवळ ओतू नये. जनावरे व कुत्री ते पितात आणि दगावतात. डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

ही तपासणी हंगामाच्या एक महिना आधी करावी. त्या वेळी मेकॅनिकला सवड असते, सुटे भाग मागवता येतात आणि ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तरी पेरणी खोळंबत नाही. त्यासाठी लागणारी वही, काडी आणि लिटरचे माप घरात आहेच. उद्या सकाळी पाणी ओतण्यापूर्वी पहिली नोंद करून घ्यावी.